अंगठा, की गाडी

दुपारी गिऱ्हाईक विरळ झालं की दादा सलूनचं शटर गुडघ्यापर्यंत ओढायचा आणि भिंतीवरची फळी खाली सोडायचा. नवख्याला ती फळी म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेलं जुनं दार वाटायची. पण बिजागऱ्यांवरून ती खाली आली, दोन साखळ्या ताठ झाल्या, की बाकासमोर ऐसपैस टेबल तयार व्हायचं. टेबलावर स्क्रूनं पक्का बसवलेला काळ्या प्लास्टिकचा रस्ता. दोन लांब सरळ पट्टे, टोकांना गोल वळणं, आणि रस्त्यात शेजारी शेजारी दोन खाचा. प्रत्येक खाचेच्या अल्याडपल्याड धातूची बारीक पट्टी. त्या पट्ट्यांतून वीज यायची आणि खाचेत जीभ अडकवून बोटाएवढ्या दोन मोटारी पळायच्या. एक लाल, एक निळी. खेळणाऱ्याच्या मुठीत वायरला जोडलेला एक ठोकळा, ठोकळ्यावर अंगठ्यानं दाबायचा दट्ट्या. जितका दाबाल तितकी गाडी पळणार. वळणावर मात्र अंगठा ढिला सोडायचा, नाहीतर गाडी रस्ता सोडून थेट आरशावर.

हा खेळ आणला होता रडक्या मुलांसाठी. कानाजवळ कात्री आली की काही मुलं असं भोकाड पसरतात की शेजारच्या दुकानातलं शिलाई मशीन थांबतं. त्यांना आधी गाडी पळवायला द्यायची आणि मग गुपचूप खुर्चीत बसवायचं, असा बेत होता. बेत चांगलाच होता, पण बापांनी तो हाणून पाडला. पोरगं खुर्चीत आणि बाप फळीवर. पुढे पुढे तर नंबर आला तरी माणसं उठेनात. "तुम्ही घ्या पुढे बसून, माझी शेवटची फेरी चाललीय," असं एकमेकांना आग्रहानं सांगू लागली. शेवटी दादानं वैतागून फळी वर केली आणि खेळ दुपारपुरता ठेवला. तेव्हापासून फळीला दोनच मानकरी उरले. एक दादा स्वतः, दुसरा शेजारचा टेलर.

लाल गाडी, लाल ठोकळा आणि लाल बाजूची खाच दादाची. निळं सगळं टेलरचं. हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप मुरला होता. दादाचा धाकटा भाऊ त्याच दुकानात दुसऱ्या खुर्चीशी उभा राहायचा, पण त्यानंही इतक्या वर्षांत लाल ठोकळ्याला बोट लावलं नव्हतं. दादाच्या वस्तऱ्याला हात लावत नाहीत, तसा ठोकळ्यालाही नाही. टेलर तर निळी गाडी खिशात घालून घरी न्यायचा आणि रोज परत आणायचा. "माझी गाडी तुमच्या केसात झोपणार नाही," म्हणायचा.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना दादाच्या उजव्या मनगटातली नस दबली. आयुष्यभर कात्री चालवली त्याचं हे बक्षीस. आधी मुंग्या आल्या, मग अंगठा बधिर, मग एक दिवस कंगवाच हातातून गळून पडला. डॉक्टरांनी मनगटाला छोटासा छेद देऊन नस मोकळी केली, पट्टी बांधली आणि हात गळ्यातल्या झोळीत घालून बसायला सांगितलं. पट्टी सुटली तेव्हा त्यांनी दादाचा अंगठा इकडून तिकडून दाबून पाहिला, आपलं बोट त्याच्याकडून दाबून घेतलं आणि म्हणाले, "ताकद आलीय. शेंड्याला थोडा बधिरपणा राहील काही दिवस. काम सुरू करा हळूहळू, आता घाबरायचं कारण नाही."

डॉक्टरांचं काय जातंय, असं दादाला वाटलं. वस्तरा काही त्यांच्या गळ्यावर फिरणार नाही.

कारण बाकी सगळं ठीक होतं, कात्री एकवेळ चालली असती, पण वस्तरा म्हणजे सगळा अंगठ्याचा कारभार. माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून, नरडं पुढे करून बसलेला असतो. तिथं अंगठ्याला पात्याचं वजन कळलं पाहिजे. दादानं मनाशी एक अट घातली आणि ती कुणाला सांगितली नाही, फक्त बायकोला सांगितली, म्हणजे सगळ्यांना कळली. अट अशी: लाल गाडी पूर्वीसारखी पळवायची. पूर्वी दट्ट्या पुरता दाबून वळण घेतलं की गाडी हमखास उडायची. जोवर आपल्या अंगठ्यानं गाडी वळणावर उडत नाही, तोवर वस्तरा हातात घ्यायचा नाही.

पट्टी सुटल्यावर पहिल्याच दुपारी तो फळीपाशी त्याच्या उंच स्टुलावर बसला. बसण्याआधी धाकट्याला विचारलं, "गाडी नीट ठेवलीस ना माझी?"

"नीट म्हणजे काय दादा. तू नव्हतास तेव्हाही तिची सेवा चुकवली नाही मी. एकदम नव्यासारखी आहे."

दादानं दट्ट्या दाबला. गाडी निघाली, पण कशी निघाली, जेवून उठलेला माणूस शतपावलीला निघावा तशी. दादानं आणखी दाबला. अंगठ्याचा शेंडा बधिरच होता, त्यामुळे दट्ट्या तळाला टेकला की नाही ते त्याला नीट कळेना. गाडी सरळ पट्ट्यावर रेंगाळली आणि वळणावरून गरीब गाईसारखी मुकाट्यानं फिरून आली. उडायचं नाव नाही.

"होईल हळूहळू," टेलर म्हणाला.

त्या दिवशी दादा जिंकला. दुसऱ्या दिवशीही जिंकला. रेंगाळत रेंगाळत जिंकला, कारण निळी गाडी त्याहून रेंगाळत होती. दादा टेलरच्या अंगठ्याकडे बघायचा तर तो अर्धाच खाली गेलेला. इतकी वर्षं ज्या माणसानं त्याला एक फेरी सुखानं जिंकू दिली नव्हती, तो आता मुद्दाम हरत होता. दादाच्या मनानं तिथंच घेतलं. टेलरला दया आली म्हणजे आपलं काही खरं नाही.

दिवस जात होते. दादा सकाळी दुकानात यायचा, आरसे पुसायचा, टॉवेल घडी घालायचा आणि गिऱ्हाइकासारखा बाकावर बसायचा. खिडकीजवळची त्याची खुर्ची रिकामी. धाकटा एकटा दोघांचं काम ओढायचा. त्याचा हात केस कापायच्या मशीनवर चांगला होता, पण दाढीला त्याला घाम फुटायचा. दादाच्या गिऱ्हाइकांपैकी काही दुसरीकडे गेली. टेलर मात्र गेला नाही आणि धाकट्याच्या वस्तऱ्याखालीही बसला नाही. त्यानं दाढी वाढवली. कुणी विचारलं तर म्हणायचा, "रुबाब येतो." रुबाब कसला, त्याच्या तोंडावर कापसाची गादी उसवल्यासारखी दिसत होती.

आणि मग एका संध्याकाळी दादानं घरी विषय काढला. धाकट्याला म्हणाला, "खिडकीजवळच्या खुर्चीला कारागीर बघ कुणी. मी बसेन हिशेबाला."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा, थोडं थांबू की."

"किती थांबायचं? गाडी उडत नाही."

बायको पोळपाट पुसत होती. ती टेलरच्या दुकानात काज-बटणाचं काम करायची, त्यामुळे दुपारच्या शर्यतींचा हालहवाल तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. "गाडी उडत नाही म्हणून माणूस दुकान सोडतो होय?" ती म्हणाली. "उद्या म्हणाल, पतंग उडत नाही म्हणून घर सोडतो."

दादा हसला नाही. धाकट्यानं नाइलाजानं एका कारागिराला निरोप दिला. तो दोन दिवसांनी येऊन खुर्ची बघणार होता.

कारागीर यायच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या.

सासूबाई म्हणजे ठेंगणी, ठसठशीत बाई. उभा जन्म त्यांनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढला होता, चादरींच्या ट्रॉल्या ढकलत. त्यामुळे आवाज मोठा, गुडघे कामातून गेलेले आणि डॉक्टर लोकांचा अजिबात धाक नाही. जावयाचा हात बघायला म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. दुपारी लेकीबरोबर दुकानात आल्या, दादाचं मनगट हातात घेतलं, छेदाची रेघ बघितली आणि म्हणाल्या, "शिवण बरी घातलीय."

"टेलरनं घातलेली नाही म्हणून," दादा म्हणाला.

"ऐकू येतं हो इकडे," भिंतीपलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ टेलर शटरखालून वाकून आत शिरला, खिशात निळी गाडी घेऊन.

फळी खाली सोडलेली होतीच. दादा सासूबाईंसाठी चहाचे कप विसळायला मागच्या मोरीकडे गेला. सासूबाईंना बाक फार खोल वाटलं. एकदा बसलं की गुडघे उठू देणार नाहीत, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि उंचसं स्टूल दिसलं त्यावर बसल्या. स्टूल दादाचं. समोर लाल ठोकळा. त्यांनी तो उचलला.

"आई, तो..." लेक म्हणाली.

"दादाचा आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज असा, की देवघरात कुणी चपला घालून आलं असावं.

"खाते की काय मी तो?" सासूबाई म्हणाल्या आणि दट्ट्या दाबला.

दादानं हे आरशात पाहिलं. दुकानात आरसेच आरसे, त्यामुळे मोरीपाशी पाठ करून उभा असतानाही त्याला फळी दिसायची. त्यानं पाहिलं की लाल गाडी निघाली, सरळ पट्ट्यावर रेंगाळली आणि गरीब गाईसारखी वळणावरून फिरून आली. तस्सीच. त्याच्या अंगठ्याखाली यायची तस्सीच.

कप हातातच राहिला.

"आई, जोरात दाबा की जरा," तो म्हणाला.

"दाबलाय की. आणखी दाबला तर अंगठा पलीकडून बाहेर येईल." त्यांनी ठोकळा वर धरून दाखवला. दट्ट्या पार तळाला टेकलेला होता. "तुमची गाडीच दमलेली आहे, जावईबापू."

मोरीचा नळ चालूच राहिला. मग दादा ओल्या हातानंच पुढे आला. "पुन्हा दाबा."

पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"तू दाब," तो बायकोला म्हणाला. तिनं दाबला. तेच. "तू दाब," धाकट्याला म्हणाला. धाकट्यानं आधी हात पँटला पुसला, मग दाबला. तेच. टेलरनं न सांगताच ठोकळा घेतला, जीव खाऊन दाबला. लाल गाडी तशीच डुलत डुलत फिरून आली.

इतके दिवस त्या ठोकळ्यावर एकच अंगठा पडत होता, आणि तो ज्याचा होता त्याला त्याचाच संशय होता. दादा मटकन बाकावर बसला. त्याला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. बायको घाबरली. "अहो, पाणी देऊ का?"

"गाडी बिघडलीय," दादा म्हणाला. "अगं, गाडी बिघडलीय माझी."

अशा सुरात म्हणाला, की दुसऱ्या कुणाला वाटावं गाडीला बक्षीस मिळालंय.

"पण मी तर तिची..." धाकटा पुटपुटला.

"थांब, आधी बघू काय झालंय ते," टेलर म्हणाला. त्याच्या अंगात एकदम उत्साह आला. त्यानं खिशातली निळी गाडी काढून लाल खाचेत ठेवली आणि लाल ठोकळ्याचा दट्ट्या दाबला. निळी गाडीही रेंगाळली. "म्हणजे लाइनीत खोट आहे." मग त्यानं लाल गाडी निळ्या खाचेत ठेवली. ती जरा बरी पळाली, पण नुसती बरी. निळी जशी सुसाट जायची तशी नाही. "म्हणजे गाडीतही आहे. दोन्हीकडून मार." शेवटी मागच्या सॉकेटमधल्या ठोकळ्यांच्या पिना काढून आलटून पालटून लावल्या. दोन्ही ठोकळे निर्दोष सुटले.

"ट्रॉली जड झाली की आमच्याकडे नव्या बाया कंबर चोळत बसायच्या," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगायची, बाई, कंबर मग बघ, आधी चाक बघ."

दादानं लाल गाडी उचलून उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मागच्या चाकांच्या मधल्या दांड्याला काळं काहीतरी गुंडाळलेलं होतं. रबर असावं असं वाटलं. नखानं टोकरलं तर ते केस निघाले. बारीक, मशीननं कापलेले, तिळाएवढे केस, तेलात भिजून, एकावर एक गुंडाळले जाऊन त्यांचा घट्ट वळसा झालेला. दांडा कुठे आणि केस कुठे कळेना. पोटाखालच्या तांब्याच्या तारांच्या दोन शेपट्या, ज्या पट्ट्यांवर घासून वीज उचलायच्या, त्या काळ्याकुट्ट आणि चिकट.

"तेल कुठून आलं हे?" दादानं विचारलं.

धाकटा आरशाकडे बघत होता.

"अरे, तेल कुठून आलं?"

"मशीनचं," धाकटा म्हणाला. "केस कापायच्या मशीनला घालतो ना आपण, ते. रोज सकाळी दुकान उघडलं की दोन थेंब चाकांना. आणि लाइनीला."

"लाइनीला?"

"कापसानं फिरवायचो. पूर्ण लाइनीला. म्हटलं, दादा परत येईल तेव्हा कशी सुळसुळीत पाहिजे." त्यानं शेजारचा टॉवेल उचलून उगाच घडी घातली. "आणि गाडी आरशासमोर ठेवायचो. तू दिसत नव्हतास तर निदान ती दिसावी."

आता सगळं उलगडलं. आरशासमोरची गाडी म्हणजे मशीनसमोरची गाडी. दिवसभर तिच्यावर केसांचा भुगा पडणार आणि तेलाला चिकटणार. दादानं पांढरा कापूस घेऊन लाल खाचेच्या पट्टीवरून फिरवला. कापूस काळा निघाला. तेल, मानेला लावायची पावडर आणि केसांचा भुगा, तिन्ही मिळून पट्टीवर मलम झालं होतं. त्या मलमातून वीज बिचारी येणार कुठून.

"आणि निळ्या लाइनीला नाही का लावलंस?" बायकोनं विचारलं.

"ती टेलरकाकांची," धाकटा म्हणाला. "त्यांना कशाला?"

"बघा," टेलर म्हणाला, "माझ्यावर कुणाची माया नाही म्हणून माझी गाडी वाचली."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना स्टुलाची कड धरावी लागली. धाकटाही हसला, डोळे पुसत. दादानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. ती चांगली जोरात बसली, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग सगळे कामाला लागले. बायकोनं कापसाचे बोळे करून स्पिरिटमध्ये बुडवले आणि सासूबाईंनी ते पट्ट्यांवरून फिरवले, इस्पितळातली फरशी पुसावी तशा निष्ठेनं, कोपरा न सोडता. "हा बोळा काळा, दुसरा दे," असं चालू राहिलं. बऱ्याच वेळानं बोळा पांढरा निघाला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला. टेलरनं तांब्याच्या शेपट्या सुईनं विंचरल्या आणि खाली जरा वाकवल्या, म्हणजे पट्टीला टेकतील.

दांड्याचे केस मात्र सुटेनात. चिमट्यानं ओढले तर तुटायचे आणि आणखी घट्ट बसायचे.

"कापावे लागतील," टेलर म्हणाला. "पण जपून. दांड्याशेजारीच दातेरी चक्री आहे. तिचा दात गेला तर गाडी गेली."

"द्या इकडे," दादा म्हणाला. त्यानं हात मागे केला, फळकुटावरून एक वस्तू उचलली, डाव्या हातात गाडी धरली आणि डोळे बारीक करून त्या केसांच्या वळशात पातं सरकवलं. एक बारीकशी फट पाडली. मग पातं आडवं करून साल काढावी तसा वळसा सोलत आणला. चक्रीपाशी आल्यावर थांबला, गाडी फिरवली, दुसऱ्या बाजूनं घेतलं. ओठ दाबलेले, श्वास धरलेला. टेलर त्याच्या हाताकडे बघत होता. मग त्यानं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी ओठावर बोट ठेवलं.

वळसा अख्खा सुटून आला, काळ्या अंगठीसारखा. दादानं फुंकर मारली. दांडा लखलखत होता. चाक बोटानं फिरवलं तर ते फिरतच राहिलं.

"हं," दादा म्हणाला आणि गाडी खाचेत ठेवली.

आणि तिथं त्याचा हात अडला. लाल ठोकळा समोर होता. मघाशी गाडी वाईट होती तेव्हा किती बरं वाटलं होतं. आता गाडी साफ, लाइन साफ, ठोकळा साफ. आता काही उणं निघालं तर ते कुणावर ढकलायचं? अंगठ्याचा शेंडा अजूनही थोडा बधिरच होता. त्यानं तो पँटला घासला.

"तुम्ही दाबा, आई," तो म्हणाला.

"सगळ्यांचा बघून झालाय माझा अंगठा," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून स्टुलावरून उतरल्या. "बसा."

दादा बसला. बायको त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं खांद्यावर हात ठेवला नाही, पण ती इतकी जवळ होती की त्याला तिच्या ओढणीचा वास येत होता, शिलाई मशीनच्या तेलाचा आणि नव्या कापडाचा. धाकट्यानं चुकूनसुद्धा आरशाकडे बघितलं नाही.

दादानं दट्ट्या दाबला.

गाडी होती तिथं नव्हतीच. सरळ पट्ट्यावरून असा झणकारा आला, जो कितीतरी दिवसांत त्या दुकानात ऐकू आला नव्हता. दादाला वाटलं, आता सोडावा, वळण आलं, पण त्यानं सोडला नाही. दाबूनच धरला, पुरता, तळापर्यंत. लाल गाडी वळणावर आली, शेपूट झटकली, खाच सोडली, फळीवरून उडाली आणि आरशाखालच्या पावडरीच्या डब्याला जाऊन धडकली. डबा आडवा. पांढरा लोट उठला. त्या लोटात टेलरची दाढी आणखी पिकली.

"पडली," बायको हळूच म्हणाली.

"पडली," धाकटा म्हणाला आणि खाली बसला, तिथंच, फरशीवर.

दादाचा जीव भांड्यात पडला, पण भांडं इतकं खोल होतं की तो पडत असल्याचं त्याला बराच वेळ जाणवत राहिलं. खांदे उतरले. मानेत केव्हापासून धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. त्यानं अंगठ्याकडे बघितलं. मग गाडी उचलली, पावडर पुसली, खाचेत ठेवली आणि पुन्हा पाडली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी टेलर म्हणाला, "अहो, गाडी फोडाल. झाली ना खात्री?"

"झाली."

"तुमच्या अंगठ्याची खात्री तर आम्हाला मघाशीच झाली," सासूबाई म्हणाल्या. "चाकाची दाढी कुणी केली?"

दादाला आधी कळेना. मग त्यानं फळीकडे बघितलं. पुसलेल्या कापसांच्या ढिगाशेजारी त्याचा वस्तरा पडला होता, उघडा, पात्यावर केसांची काळी अंगठी. कामाच्या नादात सवयीनं हात तिकडेच गेला होता, आणि अटीला कुणी विचारलंही नव्हतं.

"तुम्ही बघत होतात?"

"सगळेच बघत होतो," बायको म्हणाली. "बोललो असतो तर तुमचा हात थरथरायला लागला असता. मग सगळंच मुसळ केरात."

टेलरनं घसा खाकरला. "आता एक सांगू का? निळा दट्ट्या अर्धा दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागलाय. उद्यापासून मी पुरता दाबणार."

"माहीत होतं मला," दादा म्हणाला.

"माहीत होतं तर बोलायचं की."

"काय बोलू? दया करू नकोस म्हणू?"

टेलर सरळ खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेला, तिच्यावरचा धुळीचा टॉवेल झटकला आणि बसला. मान मागे टेकवली, डोळे मिटले आणि ती गादीसारखी दाढी वर केली. "रुबाब पुरे झाला. जेवताना आमटीत जातो."

धाकटा उठला. "दादा, मी जरा जाऊन येऊ? त्या कारागिराला सांगतो, उद्या यायची तसदी घेऊ नको."

"जा. आणि येताना..." दादा थांबला. "काही नाही, जा. फक्त तेलाची बाटली खिशात घेऊन जा. दुकानात ठेवू नकोस आज."

शटरखालून धाकटा गेला तो जवळजवळ पळतच. सासूबाई बाकावर बसल्या, गुडघ्यांची पर्वा न करता. उठवायला आता माणसं होती. बायकोनं थंड झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला. दादानं नवं पातं घातलं, ब्रश गरम पाण्यात बुडवला, साबणाचा फेस काढला. आधी कात्रीनं दाढीचं रान मोकळं केलं. मग फेस लावला. वस्तरा टेलरच्या गालाला टेकवताना अंगठ्याला पात्याचं वजन कळलं. पूर्वीइतकं नाही, पण कळलं. पातं कानापासून खाली आलं आणि मागे एक स्वच्छ पट्टा उमटला. दुसरा पट्टा. तिसरा. दादानं टेलरची हनुवटी डाव्या हातानं वर उचलली आणि गळ्याला सुरुवात केली.

"एक राहिलंच," टेलर डोळे मिटूनच म्हणाला. "मी मुद्दाम हरत होतो, तेव्हा इतक्या दिवसांत तुम्ही जिंकलेल्या सगळ्या शर्यती रद्द."

दादाचा हात थांबला. वस्तरा टेलरच्या नरड्यावर, घाटीच्या जरा वर, अगदी हलका टेकलेला होता.

"काय म्हणालास?"

टेलरनं एक डोळा उघडला. आरशात बघितलं. दादाचा अंगठा पात्याच्या मागे अगदी स्थिर होता.

"काही नाही," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या."